मशीन घ्यायचं की तलाव खणायचा? सांडपाण्यावर वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात म्हटलं होतं की लहान वस्त्यांच्या सांडपाण्याबद्दल काय विचारायचंय ते विचारा, तर ढीगभर पत्रं आली. त्यात निम्मी सेप्टिक टँकची. सारखेच प्रश्न होते ते एकत्र केलेत आणि नावं मुद्दाम टाकलेली नाहीत, कारण दोघातिघांनी शेजाऱ्याबद्दल जे लिहिलंय ते नावासकट छापलं तर पुढच्या अंकापासून भांडणं सोडवायचं वेगळं सदर काढावं लागेल.

प्रश्न: आमची वस्ती साधारण ४०० माणसांची. आत्ता सगळं पाणी उघड्या गटारातून ओढ्याला जातं. एक जण मशीनवाला प्लांट दाखवून गेला, मोठ्या डब्यासारखा असतो, ८ दिवसांत बसवून देतो म्हणाला. दुसरा म्हणतो तलाव खणा. तिसरा म्हणतो खडी टाकून त्यात झाडं लावा, झाडंच पाणी साफ करतात. मीटिंगमध्ये हमरीतुमरीवर आलंय सगळं. खरं काय घ्यावं?

उत्तर: तिघंही खोटं बोलत नाहीयेत, फक्त तिघांनीही तुम्हाला अर्धंच सांगितलंय. पाणी साफ करतात ते जिवाणू, डबा असो तलाव असो की खडी, कामगार तेच. त्यांना खायला घाण आपण देतोच, त्यांना हवा असतो ऑक्सिजन आणि वेळ. डब्यात ब्लोअर लावून हवा फुंकतात म्हणून काम दिवसाभरात उरकतं, तलावात शेवाळ ऑक्सिजन देतं म्हणून काही आठवडे लागतात, खडीत पाणी झिरपून गेलं की मागे हवा शिरते. म्हंजे एकतर वीज घाला नाहीतर जागा घाला, एवढाच काय तो सौदा आहे.

आता तुमचाच हिशोब करू. माणशी १०० लिटर धरलं तर दिवसाला ४० हजार लिटर. माणसामागे रोज ४० ते ६० ग्रॅम बीओडी येतो, म्हंजे ती घाण खायला जिवाणूंना पहिल्या ५ दिवसांत जेवढा ऑक्सिजन लागतो तो. ५० धरा, ४०० माणसांचे २० किलो झाले. रोज २० किलो ऑक्सिजन कुठून तरी आणायचाय. आत्ता तो कुठून येतो? ओढ्यातून. आणि ओढ्याचं चांगलं पाणीसुद्धा लिटरमागे जेमतेम ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन धरतं, तुमच्या सांडपाण्याला मात्र लिटरमागे ५०० लागतो, म्हणून तुमचं १ लिटर पाणी ओढ्याच्या ६० लिटर पाण्यातला सगळा ऑक्सिजन फस्त करू शकतं. मासे का दिसत नाहीत ते लक्षात आलं असेल.

डबा घेतलात तर जागा फार लागत नाही, दोनचार गाड्या उभ्या राहतील एवढ्यात काम होतं, पाणीही छान निघतं. पण ब्लोअर रोज चालला पाहिजे, जास्तीचा गाळ वेळच्या वेळी काढला पाहिजे आणि ते कळणारा माणूस पाहिजे. वीज तीनचार तास गेली तर काही बिघडत नाही, दोन दिवस गेली की टाकीतले जिवाणू गुदमरायला लागतात.

तलाव म्हंजे खरं तर एकामागे एक तीन तलाव. पहिला मोठा, दीडेक मीटर खोल, पुढचे दोन लहान आणि उथळ. फ्रान्समध्ये छोट्या गावांना असे तलाव पुष्कळ आहेत, तिथे माणशी १० ते ११ चौरस मीटर जागा धरतात. तुमच्या ४०० माणसांना त्या हिशोबाने ४४०० चौरस मीटर, एकराहून थोडं जास्तच. हवा गरम असेल तर कमी जागेत भागतं कारण जिवाणू आणि शेवाळ दोघंही उबेत जोरात काम करतात. वीज शून्य. गाळ काही वर्षांनी एकदा काढायचा. आणि एक गोष्ट तलाव विकायला आलेला माणूसही सांगायला विसरतो, रोगजंतू मारण्यात तलावाचा हात धरणारं फार कमी आहे, कारण उन्हात पाणी दिवसच्या दिवस पडून राहतं आणि जंतांची अंडी जड असतात ती तळाला बसतात.

झाडांचं जरा गैरसमजाचं प्रकरण आहे. १९५० च्या दशकात जर्मनीत केटे झायडेल नावाच्या शास्त्रज्ञ बाईंनी पाणवनस्पती लावून घाण पाणी साफ करायचे प्रयोग सुरू केले तेव्हा बऱ्याच इंजिनियर लोकांना ते काही पटलं नव्हतं. पुढे पद्धत रुजली पण 'झाडं घाण खातात' हा समज तसाच राहिला. झाडं थोडंफार नायट्रोजन फॉस्फरस घेतात, खरं काम खडीवर चिकटलेल्या जिवाणूंच्या थराचं. मग झाडं कशाला? फ्रेंच पद्धतीत जाळीतून काढलेलं कच्चं सांडपाणी सरळ खडीवर सोडतात, वर गाळाचा थर साचतो आणि तो थर गच्च होऊन बसू नये म्हणून नळाचे म्हंजे ते बोरूसारखं उंच गवत असतं ना, त्याचे कोंब खालून भोकं पाडत वर येतात आणि वाऱ्याने दांडे हलले की ती भोकं मोकळी राहतात. किती साधी युक्ती! जागा माणशी २ चौरस मीटर, तुम्हाला ८०० लागेल. पहिल्या टप्प्याचे तीन वाफे करायचे, एकावर तीनचार दिवस पाणी सोडायचं आणि मग त्याला आठवडाभर सुट्टी. सुट्टी दिली नाही तर वाफा चोंदतो. म्हंजे आठवड्यातून दोनदा कुणीतरी जाऊन व्हॉल्व्ह फिरवायचा, एवढंच काम.

माझं मत विचाराल तर मीटिंगमध्ये एकच प्रश्न टाका: वीज दोन दिवस गेली आणि बघणारा माणूस आठ दिवस फिरकलाच नाही तर काय होईल? तलाव असेल तर काहीच होणार नाही. खडीचा वाफा कुरकुर करेल. डबा बंद पडेल. तुमच्याकडे जागा असेल आणि थोडा उतार असेल तर मी डब्याकडे बघणारही नाही. जागाच नसेल किंवा बाहेर सोडायच्या पाण्यात अमोनिया अगदी कमी हवा असा नियम असेल तर मग डबा घ्या, पण माणूस आधी नेमा, डबा नंतर.

प्रश्न: प्लांटचं जमेल हो, पण पाइपलाइनचं एस्टिमेट बघून घेरी आली. घरं लांब लांब आहेत.

उत्तर: घेरी येणारच, विखुरलेल्या वस्तीत सगळ्यात जास्त पैसा पाइप आणि खोदाईत जातो, प्लांटचा नंबर नंतर लागतो. नेहमीच्या गटार लाइनला जाड पाइप आणि बऱ्यापैकी ढाळ लागतो कारण घट्ट मैला वाहत राहिला पाहिजे, आणि ढाळ सांभाळता सांभाळता पुढे पाइप पार खोल जातो, मग पंप आला.

यातून दोन वाटा आहेत. एक म्हंजे प्रत्येक घराच्या किंवा चारपाच घरांच्या सेप्टिक टँकमध्ये घट्ट माल अडवायचा आणि फक्त वरचं पातळ पाणी बारीक पाइपाने न्यायचं, ७५ ते १०० मिलिमीटरचा पाइप चालतो आणि ढाळाचं टेन्शन बरंच कमी होतं. १९६० च्या सुमारास आजच्या झांबियात आणि ऑस्ट्रेलियात हे सुरू झालं. अट एकच, टँकांतला गाळ वेळेवर उपसायचा, नाहीतर तोच गाळ बारीक पाइपात जाऊन बसतो. दुसरी वाट ब्राझीलची. नाताल शहरात १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी रस्त्याच्या मधोमध खोल खोदायचं सोडून घरांच्या परसातून, फूटपाथच्या कडेने उथळ पाइप नेला, जिथे वरून गाडी जात नाही तिथे पाइप खोल पुरायचं काही कारणच नाही ना. पण त्यासाठी एका रांगेतल्या सगळ्या घरांनी आपल्या परसातून पाइप जाऊ द्यायला हवा, आणि हे काम इंजिनियरचं नाही, तुमचं आहे.

तिसरं म्हंजे ज्या घरांना भरपूर जागा आहे आणि जमीन पाणी पिते त्यांना लाइनीत ओढूच नका. त्यांचं त्यांच्याकडेच जिरू द्या.

प्रश्न: आमची सेप्टिक टँक २० वर्षं झाली, एकदाही उपसायची वेळ आली नाही, इतकी छान बांधलीय. शेजारी मात्र दर ३ वर्षांनी टँकर बोलावतात. आमच्यासारखी बांधायला त्यांना सांगू का?

उत्तर: नका सांगू दादा, तुमचे शेजारी शहाणे आहेत. टँकमध्ये माणशी वर्षाला साधारण ३० ते ४० लिटर गाळ जमतो, तोही कुजून आकसल्यानंतरचा. पाच माणसं धरली तर २० वर्षांत ३ हजार लिटरच्या वर व्हायला हवा. तो नाहीये म्हंजे गेला कुठे? एकतर टँकचा तळ फुटका आहे किंवा बांधलेलाच नाही आणि सगळं जमिनीत मुरतंय, नाहीतर टँक गाळाने केव्हाच गच्च भरलीय आणि वरून येणारं सगळं तसंच पलीकडे शोषखड्ड्यात चाललंय. टँक 'भरली' म्हंजे पाणी वर येणं नव्हे, पाणी तर पहिल्या काही दिवसांतच आउटलेटपर्यंत भरतं आणि कायम तेवढंच राहतं.

तपासायचं सोपं आहे. लांब काठीला खालच्या बाजूने पांढरं जाड फडकं गुंडाळा, तळापर्यंत सावकाश घाला, थोडं थांबून सरळ वर काढा, जिथपर्यंत काळं चिकटलंय तेवढा गाळ. पाण्याच्या उंचीच्या एकतृतीयांश झाला की टँकर बोलवा. झाकण काढल्यावर भोकावर वाकून उभं राहायचं नाही, का ते पुढे सांगतो.

आणि आउटलेटला टी, म्हंजे इंग्रजी टी अक्षरासारखा पाइपाचा जोड, बसवलेला आहे का बघा. वर तरंगणारी साय आणि खालचा गाळ दोन्ही सोडून मधलं पाणी बाहेर जावं म्हणून तो टी असतो, गवंडी लोक तो सर्रास विसरतात, हे मी इतक्या ठिकाणी पाहिलंय की आता झाकण उघडलं की पहिली नजर तिथेच जाते.

प्रश्न: टँकमध्ये महिन्याला जिवाणूंची पावडर टाकावी असं सांगतात. फायदा होतो का?

उत्तर: विकणाऱ्याला होतो. टँकमध्ये जिवाणू आपल्याच पोटातून रोज जातात, वेगळे घालायची गरज नाही. अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्थाही नीट चाललेल्या टँकला अशा पावडरीचा काही उपयोग दिसत नाही असंच सांगते. काही रसायनं तर गाळ ढवळून वर आणतात आणि तो पुढे जाऊन शोषखड्ड्याची माती चोंदवतो. टँक चांगली चालली तरी बीओडी ३० ते ५० टक्केच कमी होतो, रोगजंतू जवळपास सगळे बाहेर येतात. सेप्टिक टँक म्हंजे पहिली पायरी. पुढची साफसफाई मातीने करायची असते.

प्रश्न: टँक साफ करताना आत मेणबत्ती सोडून बघतात, विझली नाही तर उतरतात. ही पद्धत बरोबर आहे का?

उत्तर: नाही. नाही. आणि परत एकदा नाही. आत मिथेन असतो, तो पेट घेतो. आणि हायड्रोजन सल्फाइड असतो, माणूस मारायला त्याची इतकी थोडी मात्रा पुरते की मेणबत्तीला पत्ताही लागत नाही. वास येईल ना असं म्हणाल, तर थोडा असेल तेव्हाच सडक्या अंड्याचा वास येतो, हवेत दहा लाखाला १०० भाग झाला की नाकच बधिर होतं, वास गेला म्हणून गॅस गेला असं वाटतं आणि तिथेच घात होतो. एक जण आत कोसळतो, दुसरा त्याला काढायला उतरतो, मग तिसरा. टँकमध्ये माणूस उतरवायचाच नाही, कितीही ओळखीचा, कितीही अनुभवी. सक्शन टँकरचा पाइप आत जातो, तेवढाच आत जाऊ द्या. झाकण असं बसवा की लहान मुलाला उचलता येणार नाही.

प्रश्न: शेजाऱ्याने त्याचा शोषखड्डा आमच्या विहिरीपासून १२ मीटरवर खणलाय. तो म्हणतो पाणी गार आणि गोड लागतं ना, मग झालं. किती अंतर हवं?

उत्तर: ताई, चवीने जंतू कळत असते तर जगात कॉलरा झालाच नसता. लंडनमध्ये १८५४ साली ब्रॉड स्ट्रीटच्या ज्या पंपामुळे साथ पसरली, त्याच्या पाण्याला चांगली चव म्हणून लोक लांबून यायचे. डॉक्टर जॉन स्नो यांनी नकाशा मांडून पंपावर बोट ठेवलं हे सगळ्यांना माहितीये, पण नंतर खोदून बघितलं तेव्हा जवळच्या घराच्या मैलाखड्ड्याच्या विटा निखळलेल्या सापडल्या आणि विहिरीपासून अंतर ३ फूटसुद्धा नव्हतं, त्याबद्दल फार कुणी बोलत नाही.

बऱ्याच ठिकाणच्या नियमांत १५ ते ३० मीटर असतं. पण नुसतं मीटर मोजून भागत नाही. बारीक मातीतून पाणी हळू जातं, जंतू गाळले जातात आणि वाटेतच मरतात. तडे गेलेल्या खडकात किंवा मोठ्या खडीच्या थरात तेच पाणी एका दिवसात कुठच्या कुठे पोचतं, तिथे ३० मीटरही कमी. खड्ड्याचा तळ आणि जमिनीतलं पाणी यांच्यात निदान दीडदोन मीटर कोरडी माती हवी, तीही वर्षातलं पाणी सगळ्यात वर असतं तेव्हाची मोजायची. आणि खड्डा विहिरीच्या वरच्या अंगाला आहे की खालच्या? जमिनीतलं पाणीही साधारण उताराच्याच दिशेने जातं.

शंका फेडायची तर फ्लुरेसीन नावाचा हिरवा रंग शेजाऱ्याच्या संडासात ओतून विहिरीकडे लक्ष ठेवता येतं, अर्थात त्याला विचारून. रंग आला तर वाद मिटला. नाही आला तरी निर्धास्त होऊ नका, मातीत तो अडकून राहू शकतो. त्यापेक्षा पाण्याची ई कोलाय (विष्ठेतला जिवाणू) आणि नायट्रेट (मैल्यातल्या नायट्रोजनपासून होतं ते) यांची टेस्ट करा. नायट्रेट मातीत गाळलं जात नाही, जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला ५० मिलिग्रॅम आहे आणि त्याच्या वर गेलं की बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाला धोका. इथे एक चूक हमखास होते, लोक पाणी उकळतात. उकळून जंतू मरतात हो, पण पाणी आटतं आणि नायट्रेट उलट दाट होतं.

प्रश्न: आमच्या पहिल्या तलावाचं पाणी गुलाबी झालंय. कुणी म्हणतं रंग टाकलाय, कुणी काय काय म्हणतं. आधी छान हिरवं होतं.

उत्तर: तलावात कुणी काही टाकलेलं नाही, कुणावर आळ घेऊ नका. ते जांभळट गुलाबी जिवाणू आहेत, पाण्यातला ऑक्सिजन संपून हायड्रोजन सल्फाइड वाढला की ते फोफावतात. म्हंजे तलावावर झेपेल त्यापेक्षा जास्त माल येतोय. बघा, नवीन घरं जोडली का, एखाद्या गोठ्याचं किंवा डेअरीचं पाणी लाइनीत सोडलंय का, की बऱ्याच वर्षांचा गाळ साचून तलाव उथळ झालाय. लोड कमी केला की हिरवा रंग परत येतो.

तलावाचा रंग वाचायला शिकलात की अर्धी लॅबोरेटरी आली. गर्द हिरवा म्हंजे शेवाळ जोरात, दिवसा ऑक्सिजन भरपूर. करडा काळा म्हंजे गुदमरलाय. अचानक आरशासारखा नितळ झाला तरी हुरळून जाऊ नका, बारीक बारीक पाणपिसवा झाल्या असतील, त्या शेवाळ खाऊन टाकतात आणि मग ऑक्सिजन देणारंच कुणी उरत नाही. आणि पाण्यावर टिकलीएवढ्या तरंगत्या वनस्पतींची किंवा जलपर्णीची चादर पसरू देऊ नका, ऊन आत गेलं नाही तर तलाव आणि झाकलेलं गटार यात फरक काय राहिला. काठावरचं गवत कापत राहा, डास बहुतेक तिथेच होतात.

प्रश्न: शाळेत प्रोजेक्ट आहे. सेप्टिक टँकचा शोध कोणी लावला? आणि बीओडी ५ च दिवस का मोजतात?

उत्तर: वा, असा प्रश्न पाहिजे. फ्रान्समध्ये मुरास नावाच्या माणसाने १८६० च्या दशकात बंद टाकी करून पाहिली होती, पेटंट १८८१ मध्ये घेतलं. 'सेप्टिक टँक' हे नाव दिलं डोनाल्ड कॅमेरॉन यांनी, इंग्लंडमधल्या एक्सेटर शहरात, १८९५ च्या आसपास. टाकीतून निघणाऱ्या गॅसवर त्यांनी दिवे पेटवून दाखवले, आणि पेटंटवरून त्यांच्या कंपनीची अमेरिकेतल्या गावांशी कोर्टबाजीही झाली. नंतर १९०६ मध्ये कार्ल इम्होफ यांनी जर्मनीत दुमजली टाकी काढली, वर पाणी वाहतं आणि गाळ फटीतून खालच्या मजल्यावर पडून कुजत राहतो, त्यामुळे वरचं पाणी परत खराब होत नाही. १९१४ ला मँचेस्टरमध्ये आर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी हवा फुंकून तयार झालेला गाळ फेकून न देता परत वापरला आणि आजच्या सगळ्या डब्यांचा जन्म झाला.

५ दिवसांचं असं सांगतात की इंग्लंडच्या नद्यांचं पाणी ५ दिवसांच्या आत समुद्राला मिळतं, पुढचं मोजायचं कशाला! त्यांच्या सरकारी आयोगाने १९१२ च्या अहवालात ही ५ दिवसांची टेस्ट धरली, आणि सोडायच्या पाण्याला लिटरमागे बीओडी २० मिलिग्रॅम आणि तरंगता गाळ ३० मिलिग्रॅम अशी मर्यादा सुचवली. तो आकडा पुढे जगभर फिरला.

प्रश्न: तिसऱ्या तलावातून निघणारं पाणी शेतीला द्यावं का? दिसायला स्वच्छ आहे.

उत्तर: दिसण्यावर जाऊ नका, पण द्या, जरूर द्या, त्यात नायट्रोजन फॉस्फरस आहे, तो ओढ्यात सोडून तिथे शेवाळ वाढवण्यापेक्षा पिकाला मिळालेला बरा. जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ मध्ये मार्गदर्शक मर्यादा दिली होती की कच्चं खायच्या पिकाला पाणी द्यायचं तर १०० मिलीमध्ये विष्ठेतले जिवाणू १ हजारच्या आत आणि लिटरमध्ये जंताचं अंडं एकापेक्षा जास्त नको. २००६ मध्ये त्यांनी जरा वेगळा विचार मांडला, सगळा भार प्लांटवर नको, पीक कुठलं, पाणी कसं देता, काढणीच्या आधी किती दिवस बंद करता, या सगळ्याने मिळून धोका कमी करा. मला तो जास्त पटतो. फळझाडं, चारा, शिजवून खायचं पीक यांना द्या. ठिबकने दिलं तर पानाला लागत नाही, फक्त शेवाळाने ड्रिपर बुजतात म्हणून आधी वाळूचा फिल्टर. कच्ची पालेभाजी मात्र सोडून द्या.

जंतांच्या अंड्यांची भीती खरी आहे. ती मातीत महिनोन्‌महिने, कधी वर्षांवर्षं टिकतात. म्हणून टँकचा ताजा गाळ शेतात ओतायचा नाही म्हंजे नाही. ढीग लावून खत केलं आणि आत ५५ अंशाच्या वर काही दिवस तापलं, मधून मधून उलथलं, तर ठीक.

प्रश्न: कपड्यांची पावडर आणि संडास धुवायचं लिक्विड यामुळे प्लांट मरतो का?

उत्तर: घरगुती वापराने नाही. बाटलीच्या बाटली ओतू नका एवढंच. त्यापेक्षा जास्त नुकसान तेलकट पाणी आणि ओले वाइप्स करतात, स्वयंपाकघराच्या लाइनीला तेल अडवायचा छोटा चेंबर करा आणि वाइप्स कचऱ्यात टाका, पाकिटावर काहीही लिहिलेलं असो.

प्रश्न: आमच्याकडे डबेवाला प्लांट आहेच, दीड वर्षापूर्वी बसवला, ६ महिने चालला, आता बंद. बसवून देणारा फोन उचलत नाही. भंगारात द्यावा का?

उत्तर: लगेच नको. अशाच एका बंद प्लांटवर मी महिनाभर घालवलाय, तिथेही बसवणारे गायब होते, आणि शेवटी निघालं काय तर ब्लोअरचा बेल्ट तुटलेला आणि गाळ काढायचा व्हॉल्व्ह कुणी कधी उघडलेलाच नाही, कारण तो कशासाठी आहे तेच कुणाला सांगितलं नव्हतं.

आधी टाकी सक्शन टँकरने रिकामी करून घ्या, तळाशी काळा सडलेला गाळ असेल तो सगळा जाऊ द्या. मग डिफ्युझर, म्हंजे तळाशी हवेचे बुडबुडे सोडणारे भाग, बघा, बुजलेले असतात, साफ नाही झाले तर बदला. ब्लोअरचा फिल्टर बदला. साधं पाणी भरून हवा सोडा आणि बुडबुडे सगळीकडे सारखे येतायत का ते नजरेनेच बघा, एका कोपऱ्यात धबधबा आणि बाकी शांत असेल तर तिथला पाइप फुटलाय.

मग जवळच्या चालू प्लांटमधून एक टँकर जिवंत गाळ मागून आणा, दह्याला विरजण लावतो तसंच आहे हे, विरजणाशिवायही लागेल पण तीनचार आठवडे जातील. सांडपाणी पहिल्या दिवशीच सगळं सोडू नका, पाव भागाने सुरू करा. पांढरा साबणासारखा फेस येईल, घाबरायचं नाही, गाळ वाढला की जातो. तपकिरी, तेलकट, चिवट फेस आला तर मात्र गाळ म्हातारा झालाय, थोडा काढून टाका.

आणि रोज सकाळी एक लिटरची पारदर्शक बरणी घेऊन हवेच्या टाकीतलं पाणी भरायचं, ३० मिनिटं हलवायची नाही. चॉकलेटी गाळ खाली बसून पाव ते अर्धी बरणी भरली, वर पाणी नितळ आणि वास ओल्या मातीचा, तर प्लांट चाललाय. गाळ काळा आणि वास सडका तर हवा कमी पडतेय. गाळ चांगला बसतोय पण रोज चढत चढत अर्ध्याच्या वर गेला की तो व्हॉल्व्ह उघडायचा. आकडा भिंतीवर खडूने लिहून ठेवा. बरणी कोण भरणार त्याचं नाव ठरवा आणि तो नसेल त्या दिवशी कोण, त्याचंही, मग ब्लोअरचं बटण दाबा.